शेवटचा चेंडू ताईचा

४ ऑगस्ट

ह्योसन आज घरी गेली. गुडघ्याला पट्टा, काखेत कुबडी. बसच्या खिडकीतून हात हलवत रडत होती बिचारी. आणि मी खाली उभी राहून काय विचार करत होते, तर आता व्हॉलीबॉल संघाची सेटर मी! बाई गं, किती वाईट आहे मी. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी स्वतःबद्दल फार चांगलं वाटायला लागलं तर हे पान उघडता येईल.

पंधरा तारखेपासून छोंगजूला पात्रता सामने आहेत. इथून, जिन्छॉनच्या शिबिरातून बसने अर्धा तास. चार संघ येणार, त्यातले वरचे दोन पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेला जाणार. मीरान-ताईची, म्हणजे आमच्या कर्णधाराची, ही शेवटची संधी. चौतीस वर्षांची आहे. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हापासून ती देशासाठी खेळतेय. माझ्या घरच्या कपाटाला आतून तिचा फोटो चिकटवलेला होता.

दुसऱ्या स्पर्शाला चेंडू माझ्याकडे येतो, आणि तो मारायला कुणाला उचलून द्यायचा हे मी डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं असतं. मला जेवताना आधी कुठली किमची वाढून घ्यावी हे ठरवायला पाच मिनिटं लागतात.

दानबी माझ्याच खोलीत राहते. ती लिबेरो, मागे राहून चेंडू वाचवणारी. आम्ही एकाच वयाच्या, त्यामुळे तिच्याशी बोलायला जीभ अडखळत नाही. म्हणाली, "अगं, तोंड कशाला पाडलंयस? लॉटरी लागली तुला."

"लागली खरी. पण तिकीटच हरवलं तर?"

"तू ना योउल, साखरपुड्यालाच घटस्फोटाची तारीख काढशील."

६ ऑगस्ट

नको ते पाहिलं. नको ते माहीत झालं.

संध्याकाळी न्हाणीघरात मीरान-ताई एकटीच बसली होती. मी पाठ घासायला गेले. धाकटीने थोरलीची पाठ घासायची, त्यात विशेष काही नाही, शाळेपासून किती पाठी घासल्यात त्याची गणतीच नाही. हिरवं खरखरीत फडकं हाताला गुंडाळलं आणि लागले घासायला. उजव्या खांद्याजवळ आले तशी ताई एकदम आखडली. तिथे सुईचे बारीक डाग होते. सात-आठ तरी असतील. मग केसांवर पाणी घ्यायला तिने तांब्या उचलला, तोही डाव्या हाताने. उजवा हात छातीच्या वर जातच नव्हता.

ज्या हाताने ती चेंडू मारते तो हात.

"पाहिलंस?" तिने मागे न बघता विचारलं.

"नाही, ताई."

"पाहिलंस."

"...हो, ताई."

"बाहेरचे एक डॉक्टर सुई देतात, मग दोन तास हात चालतो. हे शिबिरात कुणालाही कळता कामा नये. एकोणीस तारखेला शेवटचा सामना. तोपर्यंत विसरून जा."

मी पटकन म्हटलं, "एकोणीसला माझा वाढदिवस असतो, ताई. तारीख लक्षात राहील." काय हा वेडेपणा! ती हसलीसुद्धा नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खाली पण घास. कंबरेजवळ."

खोलीत आले तर दानबी म्हणते, "भूत पाहिलंस का?" मी म्हटलं, पाणी फार गरम होतं.

९ ऑगस्ट

तीन दिवस धड झोप नाही. आमच्या प्रशिक्षकांना, प्यो सरांना सांगावं तर ताईचा विश्वासघात. नाही सांगावं तर संघाचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीय.

मी आपली माझ्या परीने मधला मार्ग काढला. सरावात ताईला चेंडू कमी द्यायचे, आणि दिले तरी जरा खालून, सोपे, खांद्याला त्रास होणार नाही असे. वाटलं, तिला बरं वाटेल.

कसलं काय. सराव संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, म्हातारीला भीक घालतेस का?" राऑन, आमची उजवीकडून मारणारी डावखुरी, खुदकन हसली. एकोणीस वर्षांची आहे, तिला सगळ्याचंच हसू येतं. मी मान खाली घालून तीन वेळा "चुकलं, ताई" म्हटलं. कान अजून गरम आहेत.

ताई मला टाळते. जेवताना मी बसले त्या टेबलावरून उठून गेली. तिला भीती वाटत असणार की माझ्या तोंडून फुटेल. मी तरी कुठे निश्चिंत आहे? काल दात घासताना मी आरशाकडे बघून "खांदा" असं मोठ्याने म्हणाले.

१२ ऑगस्ट

आईचा फोन. तोंग्योंगच्या बाजारात सुक्या मासळीच्या दुकानावर बसूनच बोलते, त्यामुळे अर्धं माझ्याशी, अर्धं गिऱ्हाइकांशी. "जेवलीस का? ...हो हो, ताजीच आहे, वास घेऊन बघा की... एकोणीसला यंदा सूप नाही हं. स्पर्धा संपली की घरी ये, मग करीन. शिबिरात कुणी शेवाळाचं सूप पुढे केलं तरी तोंडाला लावू नकोस. घसरशील!"

"माहितीय गं आई."

"तुझ्या मामाला विचार. परीक्षेच्या दिवशी खाल्लं आणि घसरला तो घसरलाच. आज बघ, बोटीवर डिझेल भरतोय."

वाढदिवसाला शेवाळाचं सूप नाही म्हणजे जन्मल्यासारखंच वाटत नाही. पण सामन्याच्या दिवशी ते निसरडं सूप कोण खाणार? त्याऐवजी आईने चिकट यॉतची वडी पाठवलीय. खाल्ली की यश चिकटून राहतं म्हणे. आत्ताच तीन खाल्ल्या. दाढेला चिकटल्यात.

१५ ऑगस्ट

हरलो. तेही आमच्या स्वातंत्र्यदिनी. गावभर झेंडे लागलेले, आणि आम्ही थायलंडकडून पाचव्या डावात हरलो.

नीट लिहिते, नाहीतर रात्रभर डोक्यात फिरत राहील. पाचव्या डावात अकरा-अकरा होते. तिथून मी चार चेंडू दिले. चारही ताईला. राऑन उजवीकडे मोकळी उभी होती, हात वर करून "इकडे! इकडे!" ओरडत होती. दिसत होतं मला. पण हात आपोआप ताईकडेच वळत होते. शाळेपासून हेच शिकलोय: अटीतटीच्या वेळी चेंडू थोरलीचा. एकोणीस वर्षांच्या पोरीला शेवटचा चेंडू द्यायचा आणि कर्णधाराने बघत उभं राहायचं? असलं मी जन्मात पाहिलेलं नाही.

चारही चेंडू परत आले. दोन ब्लॉकवर आपटून, एक जाळ्यात, आणि शेवटचा तर नुसता बोटांना लागून आमच्याच बाजूला पडला. सुईचे दोन तास संपले होते. हे त्या सभागृहात फक्त दोघींना माहीत होतं.

ताईने पत्रकारांना सांगितलं, "चूक माझी. सेटरने चेंडू उत्तम दिले होते." ऐकून जास्तच मेल्यासारखं झालं.

१६ ऑगस्ट

आज ताईने मला जिन्यात गाठलं.

"शेवटचे चारही मला का दिलेस?"

"तुम्ही कर्णधार आहात, ताई."

"म्हणून?"

"शेवटचा चेंडू थोरलीचाच असतो."

"खांद्याचं तुला माहीत होतं ना?"

मी खाली पायरीकडे बघितलं.

"माहीत असून दिलेस. एकोणीसला शेवटचा चेंडू मला देऊ नकोस. समजलं?"

मी मानेने "हो" म्हटलं, आणि ती वर निघून गेली. पण मला ते "देऊ नकोस" काही खरं वाटत नाही. आजी नाही का म्हणायची, "मला नको हो मासा, तुम्ही खा", आणि खरंच नाही वाढला की आठवडाभर अबोला. ताई माझी परीक्षा बघतेय. नाही दिला तर म्हणेल, बघा, कालची पोर, माझा मान ठेवला नाही. दिला आणि हरलो तर म्हणेल, सांगितलं होतं ना. आणि चुकून असंही वाटत असेल तिला की मी मुद्दाम चार चेंडू देऊन तिचा खांदा जगासमोर उघडा पाडला!

दुपारी ती सरांच्या खोलीतून बाहेर येताना दिसली. अर्धा तास होती आत. माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. मला काढायला सांगत असणार. मी गेले की गुपितही माझ्याबरोबर शिबिराबाहेर.

दानबीला म्हटलं, "माझी बॅग भरायला मदत कर."

"का गं?"

"असंच. भरलेली बरी."

तिने माझ्या डोक्यात उशी घातली.

१७ ऑगस्ट

कझाकस्तानला तीन डावांत हरवलं. सामन्याआधी प्यो सर म्हणाले, "आजही तूच खेळशील, आणि एकोणीसलाही. माझं मत वेगळं होतं. पण असो."

माझं मत वेगळं होतं! पण असो! दिवसभर हेच कानात. मत कधीही परत फिरू शकतं. यॉतच्या दोनच वड्या उरल्यात.

१९ ऑगस्ट, सकाळ

घाईघाईत लिहितेय, अक्षर कसंही येतंय.

साडेसहाला दार उघडलं तर बाहेर कापडी पिशवीत थर्मास. निळा, झाकणाला दहा नंबरची पट्टी. म्हणजे मीरान-ताईचा. उघडला आणि तिळाच्या तेलाचा वास आला. आत शेवाळाचं सूप. काठोकाठ.

सामन्याच्या दिवशी! आज जिंकलो तर जागतिक स्पर्धा, हरलो तर घरी. व्हिएतनामचीही आमच्यासारखीच गत, एक जय, एक हार, म्हणजे आम्हा दोघांपैकी आज एकच संघ पुढे जाणार. आणि कर्णधार माझ्या दारात घसरणीचं सूप ठेवते! चिठ्ठी नाही, शब्द नाही.

दानबी डोळे चोळत म्हणाली, "वाढदिवसाचं असेल गं."

"तिला माझा वाढदिवस कुठून माहीत? आणि असला माहीत तरी आज? डावा मोजा आधी घातल्याशिवाय मैदानावर न उतरणारी बाई ती. तिला कळत नाही? घसर बाई घसर, असं सांगतेय मला."

"मग मला दे. मला भूक लागलीय."

"तू पण घसरशील!"

बेसिनमध्ये ओतलं सगळं. शेवाळ जाळीत अडकून बसलं, चॉपस्टिकने ढोसून ढोसून खाली घातलं. तेरा दिवस मी हिचं गुपित पोटात घेऊन फिरतेय, न झोपता, न जेवता, आणि ही... थर्मास धुतला, पिशवीत घातला, तिच्या दाराला टेकवून आले.

आता एक गोष्ट नक्की. आज तिचा मान गेला खड्ड्यात.

२० ऑगस्ट

जिंकलो.

काल बसमध्ये ताई पुढच्या सीटवर बसली होती. पिशवी मांडीवर घेऊन, मान खाली घालून. एकदाही मागे वळली नाही. मीही बघितलं नाही.

पाचवा डाव. चौदा-बारा आम्ही पुढे होतो, त्यांनी एक घेतला, चौदा-तेरा. सरांनी वेळ मागून घेतली. सगळ्या घोळक्यात पाणी पीत होतो तेव्हा ताई माझ्या कानाशी म्हणाली, "काय सांगितलंय लक्षात आहे ना?" मी उत्तरच दिलं नाही. थोरलीने विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांची सर्व्हिस. दानबीने जमिनीवर आडवं पडून चेंडू वर काढला, थेट माझ्या डोक्यावर. डावीकडून ताई धावत आली. तिची ती चाल सगळ्या आशियाला पाठ आहे. त्यांच्या दोन्ही उंच मुली तिच्यासमोर सरकल्या. ताईने उडी घेतली आणि उजवा हात मागे खेचला, पूर्ण, जिथवर तो जातच नाही तिथवर.

आणि मी मनात म्हटलं, नाही देत, जा. घसर तूच.

चेंडू पाठीमागे ढकलला. राऑनकडे. तिच्यासमोर कुणीच नव्हतं. आवाज तेवढा ऐकला मी, मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. दानबी किंचाळली तेव्हा कळलं.

मग सगळ्यांच्या आधी माझ्यापर्यंत कोण पोचलं असेल? मीरान-ताई! एका हाताने मला असं आवळलं की श्वास कोंडला. हसत होती, रडत होती, "दिला नाहीस, दिला नाहीस" असं म्हणत होती. दुसरा हात तसाच लोंबत होता. मला काही समजेना. मी तिच्यावर सूड उगवला होता आणि तिला आनंदाचं भरतं आलं होतं.

आज दुपारी भटारखान्यात ताट ठेवायला गेले. तिथल्या नाम मावशी भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "काय गं, सूप आवडलं का वाढदिवसाचं?"

मी ताट खाली ठेवलं.

"पहाटे पाचला येऊन उभी होती तुमची कर्णधार. मी म्हटलं, अगं बाई, सामन्याच्या दिवशी हे? तर म्हणे, मावशी, पोरीचा वाढदिवस आहे आणि आई लांब आहे. हरायचंच असेल तर उपाशीपोटीही हरता येतं. डाव्या हाताने ढवळत होती. उजव्याला काय झालं विचारलं, तर म्हणे झोपेत आखडला. मग मला विचारते, तोंग्योंगकडची माणसं किती खारट खातात हो? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी डोंगरातली."

खोलीत येऊन ही वही उघडली. मागची पानं उलटली. सहा तारखेला मीच लिहून ठेवलंय: "एकोणीसला माझा वाढदिवस असतो, ताई."

सगळं माझ्याच अक्षरात. "देऊ नकोस" पण. "माझं मत वेगळं होतं" पण. सर मला बसवणार होते आणि ताई अर्धा तास आत बसून माझ्यासाठी भांडली, हे आता शेंबड्या पोरालाही कळेल. मला नाही कळलं.

शरम वाटतेय. जिंकलो त्याचा आनंदच होत नाहीये. तो शेवटचा चेंडू शहाणपणाने दिलेला नव्हता, रागाने दिलेला होता. सगळे पाठ थोपटतायत आणि मला पळून जावंसं वाटतंय. एकच दिलासा: थर्मास धुऊन ठेवला होता. रिकामा थर्मास बघून तिला वाटलं असेल, खाल्लं पोरीने.

२२ ऑगस्ट

काल ताईने सरांना आणि शिबिराच्या डॉक्टरांना स्वतःच सगळं सांगितलं. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया. जागतिक स्पर्धेला ती नसेल. संघाला तिथवर पोचवून ती मोकळी झाली.

संध्याकाळी न्हाणीघरात गेले. ती होती. मी काही न बोलता फडकं घेऊन मागे बसले. उजवा खांदा सोडून सगळी पाठ घासली, हळूहळू. माफी मागायचं ठरवून गेले होते. शब्द पाठ केले होते.

तेवढ्यात तीच म्हणाली, "सूप कसं होतं?"

आणि माझं तोंड, मेलं माझं तोंड, आपोआप म्हणालं, "फार छान होतं, ताई."

"मीठ पुरलं?"

"अगदी बरोबर होतं."

ताईने डाव्या हाताने अंगावर एक तांब्या पाणी घेतलं. मग म्हणाली, "सुपात मीठ घातलंच नव्हतं मी. तुम्ही किनाऱ्यावरची माणसं किती खारट खाता कोण जाणे, म्हणून पुडी वेगळी बांधली होती. पिशवीच्या कप्प्यात, चमच्याबरोबर. पुडी तशीच परत आली. चमचाही."

माझ्या हातातून फडकं पडलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बसमध्ये."

"म्हणजे सामन्याच्या आधी?"

"सामन्याच्या आधी."

"मग काही बोलला का नाहीत, ताई?"

"बोलून काय करायचं होतं? तुझं तोंड बघितलं मी बसमध्ये चढताना. म्हटलं, ही आज माझा मान ठेवत नाही. बरं झालं."

मी रडायला लागले. माफी मागितली की नाही तेही आठवत नाही. पाठ केलेलं सगळं विसरले. फक्त "ताई, ताई" एवढंच येत होतं तोंडातून.

"पुरे. नाक पूस," ती म्हणाली, आणि खाली वाकून तिने ते हिरवं फडकं उचललं. डाव्या हाताला गुंडाळायला तिला वेळ लागला, शेवटची गाठ दातांनी मारली. "पाठ कर इकडे."

"नको ना ताई, असं कसं? मी धाकटी..."

"पाठ कर म्हटलं ना!"

मी पाठ केली. आजवर कुठल्या थोरलीने माझी पाठ घासलेली नाही. ताईचा डावा हात अगदीच नवशिका, कुठे जोर द्यावा ते कळत नव्हतं त्याला. एकाच जागी घासत राहिली, खांद्याच्या फऱ्यावर. चांगलंच झोंबत होतं. आत्ताही लिहिताना झोंबतंय.

मी हलले नाही.